शाळेचा बाक, घरची बैठक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला शाळेच्या इतिहासावर लिहायला सांगितले. शाळेचा इतिहास म्हटला की संस्थापक, देणगीदार, मुख्याध्यापकांची यादी, इमारतीची कोनशिला आणि शालान्त परीक्षेचे निकाल हे ओघाने येते. ते सर्व सुवर्णमहोत्सवी अंकात येऊन गेले आहे आणि ज्यांनी लिहिले त्यांनी मेहनतीने लिहिले आहे. तेच पुन्हा मांडण्यात मला रस नाही. मी आयुष्यभर मुलांना राजे, लढाया आणि तह शिकवले. आता निवृत्तीनंतर मला वस्तूंचा इतिहास जास्त खुणावतो. म्हणून या वेळी एकाच वस्तूबद्दल लिहितो. आपण सगळे जिच्यावर बसलो, जिच्यावर कर्कटकाने नावे कोरली, जिच्यावर उभे राहण्याची शिक्षा भोगली, तो आपला बाक.

निमित्त असे घडले. दोन वर्षांपूर्वी मागच्या पडवीतले जुने लाकडी बाक निर्लेखित करायचे ठरले. सरकारी आणि अनुदानित शाळांत काम केलेल्यांना हा शब्द माहीत असतो. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढवतात; ती निकामी झाली की रीतसर ठराव करून नोंदीतून कमी करतात, तेच निर्लेखन. मग लिलाव. लिलावाला एक हॉटेलवाले, एक भंगारवाले आणि मी असे तिघेच होतो. हॉटेलवाल्यांना भट्टीसाठी जळण हवे होते आणि त्यांची बोली त्याच हिशेबाने चालली होती. मी तीन बाक घेतले, म्हणजे बसायच्या तीन फळ्या आणि पुढची तीन उतरती डेस्के. त्यांतून आज माझ्या ओटीवर तीन माणसे ऐसपैस बसतील अशी गादीची बैठक उभी आहे. एक डेस्क आणि एक फळी अजून शिल्लक आहे.

आता मूळ प्रश्न. बाक आपल्याकडे आला कुठून? आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत बाक नव्हता. मुले जमिनीवर बसत, पुढ्यात धूळपाटी असे आणि बोटाने किंवा काडीने धुळीत अक्षरे गिरवत. १७९० च्या दशकात मद्रासेत अँड्र्यू बेल नावाचे पाद्री एका अनाथ मुलांच्या शाळेचे काम पाहत होते. इथली मुले वाळूत अक्षरे गिरवतात आणि मोठी मुले धाकट्यांना शिकवतात हे त्यांनी पाहिले, आपल्या शाळेत तसे करून पाहिले आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनच्या एका गरीब वस्तीत शाळा काढली. एका भल्यामोठ्या खोलीत शेकडो मुले आणि एकच शिक्षक, असा तो प्रकार. इतक्या मुलांना आवरायचे म्हणून त्यांनी लांबच लांब बाक एकामागे एक ओळीत मांडले. लहानग्यांच्या बाकापुढे वाळूचा पाट होता. म्हणजे आपली धूळपाटी विलायतेला गेली आणि तिथे तिला बाक चिकटला. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना इथे नव्या धर्तीच्या शाळा निघू लागल्या, तेव्हा हीच लँकेस्टरची पद्धत इकडे परत आली.

बाक मात्र सावकाश आला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी व अनुदानित शाळा वाढल्या, तरी गावोगावच्या मराठी शाळांत मुले तरटावर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवरच बसत. बाक म्हणजे इंग्रजी शाळेची, हायस्कुलाची खूण. खुर्चीवर साहेब, बाकावर इंग्रजी शिकणारा मुलगा आणि जमिनीवर बाकीचे, अशी ती उतरंड होती. आपल्या गावात जुनी माणसे 'पोरगा बाकावर बसायला लागला' असे म्हणत, त्याचा अर्थ पोरगा हायस्कुलात गेला असा होता. हा वाक्प्रयोग आता ऐकू येत नाही.

बाकाचे मापही सहज ठरलेले नाही. १८६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये फार्नर नावाच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे वाकलेले कणे पाहून डेस्क आणि बाक यांच्या अंतरावर पुस्तकच लिहिले. बसायच्या फळीची पुढची कड डेस्काच्या कडेच्या किंचित आत गेली पाहिजे, म्हणजे मूल पोक न काढता लिहील, असे त्यांचे म्हणणे. त्यावरून युरोपात बरीच वर्षे वाद झाले. आमच्या पडवीतल्या बाकांना टेप लावली तेव्हा फळी आणि डेस्क यांत चांगली चार बोटे मोकळी जागा निघाली. फार्नरसाहेबांचे म्हणणे आपल्या सुतारापर्यंत पोचले नव्हते. आपल्या पिढीच्या पाठदुखीचे मूळ तिथे आहे असे मी आमच्या डॉक्टर वर्गमित्राला म्हणालो, तर त्याने वजन कमी करायला सांगितले.

बाक हाताळायला लागलो की तो बोलू लागतो. डेस्काच्या वरच्या कडेला अंतराअंतराने पाच गोल भोके आहेत, म्हणजे पाच मुलांची जागा. ही दौतीची भोके. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून चिनी मातीच्या दौती भरायच्या, टाक बुडवून लिहायचे, तो हा काळ. भोकांच्या शेजारी टाक ठेवायची पन्हळ. आम्ही शाळेत आलो तेव्हा दौती गेल्या होत्या आणि त्या भोकांतून खाली चिंचोके टाकायचा खेळ होता. आमची दहावीची पहिली बॅच, १९७५ ची. फाउंटन पेन सक्तीचे होते, बॉलपेनने अक्षर बिघडते अशी सर्व गुरुजनांची ठाम समजूत होती. त्यामुळे डेस्काचा रंग जांभळट काळा झाला होता तो शाईने. खालच्या बाजूला हात फिरवला की वाळलेल्या डिंकाच्या गाठी लागतात. तिथे काय काय चिकटवले जाई ते इथे छापण्यासारखे नाही.

आमच्या सुतारकाकांनी एका कोपऱ्यात पटाशीने टवका काढला, वास घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, हा ब्रह्मी साग. आता बघायला मिळत नाही." आणि इथे बाकाचा इतिहास एकदम आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला येऊन भिडतो. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपण सहलीत पाहिला. थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. त्याच्या राज्यातल्या जंगलांत साग तोडण्याचा मक्ता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीकडे होता. १८६३ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी, नावातच मुंबई. कंपनीने ओंडके कमी दाखवून राजाचे देणे बुडवले असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांनी मंडाले घेतले, राजाराणीला बोटीवर चढवले, आधी मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. १९१० मध्ये राजवाडा झाला, १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. फ्रेंचांशी थिबाची जवळीक वाढत होती हेही त्या युद्धाचे कारण होते, हे मी वर्गात सांगत असे. पण तोंडाशी आलेले कारण सागवानाचे होते. ब्रह्मदेशचा साग रंगूनहून गलबतांनी आणि आगबोटींनी मुंबईच्या लाकूडबाजारात येई. त्यातल्याच एखाद्या ओंडक्याच्या फळ्यांवर बसून आपण थिबा राजाचा धडा पाठ केला.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि हा साग यायचा थांबला. नोंदवहीची सुरुवातीची पाने वाळवीने खाल्ली आहेत, पण पडवीतले बाक पाहिले की पिढ्या ओळखता येतात. सर्वांत जुने ब्रह्मी सागाचे, जाड फळीचे. त्यानंतरचे आपल्याकडच्या किंजळाचे आणि आईनाचे. हे वजनाला भारी, रंगाने काळसर, आणि कडा फाटलेल्या. नंतर लोखंडी नळीचा सांगाडा आणि वर प्लायवूड. प्लायवूडचे बाक पंचवीस वर्षे टिकले नाहीत. पाण्याने फुगून त्यांचे पापुद्रे सुटले. सागाच्या फळ्यांना पडवीतल्या वाळवीने हात लावलेला नाही. सागाच्या गाभ्यातच वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. बाहेरचे पांढरट लाकूड मात्र ती खाते, म्हणून जुना सुतार ते काढूनच टाकत असे. ज्या कोणी आपले बाक केले त्याने ते काढलेले आहे, आणि सांध्यांत खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून वरून लाकडी खुंटी ठोकली आहे. इतके काम करणाऱ्याचे नाव कोनशिलेवर नसते.

बाकाची बैठक करायची म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण मेळाव्यात बऱ्याच जणांनी तेच विचारले.

मुलांच्या बाकाची उंची चौदा इंच. मोठ्या माणसाला बसायला साधारण अठरा इंच लागतात. म्हणजे चार इंच कमी, आणि गादीची जाडी नेमकी तेवढीच असते. बाकाची फळी नऊ इंच रुंद; माणसाला टेकून बसायला वीस-बावीस इंच खोली हवी. म्हणून दोन बाकांच्या फळ्या शेजारी मांडून मध्ये चार इंचांची फट ठेवली. सुतारकाकांना ती फट खटकत होती, पण कोकणातल्या पावसात गादीला खालून वारा नसेल तर श्रावण संपेपर्यंत तिला कुबट वास येतो. एक डेस्क उभे करून मागे जरासे कलते बसवले, ती पाठ झाली. दौतीची भोके वर आली. उरलेल्या एका डेस्काचे दोन तुकडे करून बाजूचे हात केले. लांबी सात फूट. ओटीच्या दारातून आत घ्यायला चौघे लागले.

वाद झाला तो पाठीच्या फळीवरून. तिच्यावर नावे कोरलेली आहेत. आद्याक्षरे, बाण लागलेली हृदये, एक बरे जमलेले विमान, एका गुरुजींचे टोपणनाव, आणि एक साल, ज्याचा शेवटचा आकडा झिजून गेला आहे. सुतारकाका म्हणाले, दोन दोरे रंधा मारला की फळी नवी होईल, खालून असा सोन्यासारखा रंग निघेल. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. खरवडलेले लाकूड गिऱ्हाइकाला देणे ही त्यांना स्वतःच्या कामाची नामुष्की वाटत होती. मी रंधा मारू दिला नाही. सोड्याच्या पाण्याने धुऊन, बारीक काचकागद हलक्या हाताने फिरवून, जवसाचे तेल तीनदा पाजले. शाईचा डाग गेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नव्हती. ताम्रपटाचा तांबा चांगला निघेल म्हणून कोणी अक्षरे घासून काढत नाही, असे मी सुतारकाकांना म्हणालो. "ताम्रपटावर विमान नसते गुरुजी," ते म्हणाले.

मग गादी. आपल्या घरांत लाकडावर गादी ठोकायची रीत मुळात नव्हती. पाट, चौरंग, पलंग, झोपाळा हे सगळे कठीण लाकूड. मऊपणा वेगळा, म्हणजे गादी, लोड, तक्के. हवे तेव्हा उचलायचे, उन्हात टाकायचे. लाकडाच्या चौकटीला घोड्याचे केस भरून वर कापड खिळवायचे ही रीत युरोपातली. तिथे १८२० च्या दशकात गादीखाली लोखंडी स्प्रिंगा आल्या आणि फुगीर कोच तयार झाले. साहेब ते इकडे घेऊन आले, पण इथल्या दमट हवेत केसांना आणि लोकरीला कसर लागते, घामाने पाठ भिजते. म्हणून गोव्यापासून मुंबईपर्यंतच्या जुन्या बंगल्यांत वेताने विणलेल्या खुर्च्या आणि कोच दिसतात. गादी हवी तर वरून सुटी. रेक्झिन आले, आणि एसटीच्या सीटवरून, सिनेमाच्या खुर्चीवरून ते आपल्या घरात पोचले. फोम तर फारच अलीकडचा. पॉलियुरेथेनचा शोध ऑटो बायर यांनी जर्मनीत १९३७ मध्ये लावला.

मी आपलीच रीत धरली. जुन्या लाकडात एकही चूक ठोकायची नाही असे ठरवले. (चूक म्हणजे बारीक खिळा, नव्या पिढीच्या वाचकांचा गोंधळ नको.) किंजळाच्या दीड इंची पट्ट्यांच्या तीन सुट्या चौकटी करून घेतल्या. त्या फळ्यांवर नुसत्या ठेवायच्या, हव्या तेव्हा उचलायच्या.

त्यांवर गादी बसवायला आमच्या बाजारपेठेतले कारागीर घरी आले. त्यांचे आजोबा पिंजारी. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव फिरणारे, तिच्या तारेच्या टणत्काराने सगळ्या आळीला आपण आल्याचे कळवणारे. आपल्यापैकी पन्नाशीपुढच्या सर्वांना तो आवाज आठवत असेल. कापसाच्या गाद्यांची जागा फोमने घेतली तशी घरची पुढची पिढी रिक्षाच्या आणि जीपच्या सीट शिवायला लागली, आणि तिथून सोफ्यांकडे वळली. हे कारागीर तिसऱ्या पिढीतले. त्यांनी चौकटीवर आधी नवार ताणून उभी-आडवी विणली, पलंगाला विणतात तशीच. त्यावर गोणपाट ताणून बसवले. त्यावर काथ्याचा थर, त्यावर तीन इंची फोम, पातळ सुती कापड आणि शेवटी हातमागाचे जाड कापड, विटकरी रंगाचे. पाठीला तीन सुट्या उश्या, सावरीच्या कापसाच्या. सावरीचा कापूस आमच्याच परड्यातल्या झाडाचा आहे. तो पिंजावा लागत नाही, पण भरताना घरभर उडतो आणि आठ दिवस नाकातोंडात जातो.

हे काम चालू असताना आमच्या बॅचचा एक मित्र आला. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो आणि दोन वर्षे एका बाकावर. तो बौद्धवाडीतला, पुढे सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर जाऊन निवृत्त झाला. त्याने पाठीच्या फळीवरून बोटे फिरवली, आमच्या बॅचचे कोणी सापडते का पाहिले. विमान कोणाचे ते त्याने लगेच ओळखले. मग जमिनीवर पसरलेल्या गोणपाटाकडे पाहून म्हणाला, "अरे, आमचे बाबा याच आवारात फायनलपर्यंत शिकले. पण या बाकावर ते वर्षातून एकदाच बसले." मी विचारले, एकदाच म्हणजे? तर म्हणाला, "दिपोटी तपासणीला यायचे त्या दिवशी वाडीतल्या मुलांना आत घेऊन बाकावर बसवत. दिपोटी गेले की पुन्हा पडवीत. पडवीत बसायला गोणपाट घरून न्यायचे."

मी तीस वर्षे इतिहास शिकवला, पण हे आपल्या शाळेच्या कोणत्याही अंकात छापलेले मी वाचलेले नाही. म्हणून इथे लिहितो, मित्राला विचारून.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हे आपण सर्वांनी वाचले आहे. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाटाचा तुकडा असे, शाळेची झाडलोट करणारा नोकर त्या तुकड्याला शिवत नसे, आणि तो रोज संध्याकाळी घरी न्यावा व सकाळी परत आणावा लागे. वर्गात मुलांनी गुणानुक्रमे बसायची रीत होती. त्यांना तो क्रम नव्हता.

कायद्याची बाजूही सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. मार्च १९२७ मध्ये आपल्यापासून फार लांब नसलेल्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तो याच ठरावाच्या आधारावर. पाण्याचा भाग आपण शिकतो, शाळेचा भाग निसटतो. त्याच सुमाराला रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर जिल्ह्यातल्या शाळांत मुलांना सरमिसळ बसवावे म्हणून खटपट करत होते. म्हणजे नियम होता, चळवळ होती, वरून तपासणीही होती. आणि तरीही मित्राच्या बाबांना बाक मिळाला तो तपासणीपुरता. तपासणीच्या शेऱ्यात 'सर्व मुले एकत्र बसतात' असे लिहिले गेले असेल तर ते लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले होते. कागद खरा आणि गोष्ट खोटी, असे होऊ शकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा मी वर्गात कधी देऊ शकलो नाही.

फळीवरची नावे मी रंध्यापासून वाचवली याचा मला आनंद होता आणि आहे. पण मित्र गेल्यावर मी ती पुन्हा वाचली. नाव कोरायला आधी बाकावर बसायला मिळावे लागते, कर्कटक लागते, आणि बसल्या जागी कोणी हटकणार नाही अशी खात्री लागते. १९५० मध्ये घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. आमच्या वेळी मित्र आणि मी शेजारी बसलो. त्याचे नाव फळीवर आहे, चांगले खोल कोरलेले, कारण तो आमच्यात सर्वांत व्रात्य होता. त्याच्या बाबांच्या पिढीतले वाडीतले एकही नाव नाही.

कारागीर आमचे बोलणे ऐकत होते, तोंडात चुका धरून. चौकटीवर गोणपाट ठोकताना म्हणाले, "हे कुणाला दिसत नाही सर, पण हे नसलं तर वरचा काथ्या सगळा खाली गळून येतो." ते त्यांच्या कामाचे सांगत होते. मित्र हसला आणि म्हणाला, "यातला एक तुकडा मला दे." वीतभर रुंदीचा उरलेला तुकडा त्याने घडी करून पिशवीत घातला. त्याचे काय करणार हे मी विचारले नाही. दिवाळीत त्याच्या घरी गेलो तेव्हा बाबांच्या फायनलच्या प्रमाणपत्राची तसबीर पाहिली. मागच्या पाठाला तो तुकडा लावलेला आहे.

बैठक तयार होऊन आता दीड वर्ष झाले. नातवंडे तिच्यावर उड्या मारतात. दौतीच्या भोकांत त्यांनी क्रमाने पेन्सिली, आंब्याची बाठ आणि एकदा पेटलेली उदबत्ती लावून पाहिली. उन्हाळ्यात तिन्ही चौकट्या उचलून अंगणात टाकतो. खाली फळ्या जशाच्या तशा आहेत, उद्या कोणाला पुन्हा बाक करायचा असेल तर होईल. सुतारकाका येता-जाता पाठीच्या फळीकडे पाहून अजून मान हलवतात.

संपादक मंडळाला आणि आजी-माजी विश्वस्तांना एक विनंती आहे. मी तीन बाक आणल्यानंतर लिलाव थांबवला, त्याबद्दल आभार. पडवीत अजून सागाचे अकरा बाक आहेत. ज्यांना घरासाठी हवेत त्यांनी योग्य देणगी देऊन जरूर न्यावेत. बैठक करा, झोपाळा करा, पुस्तकांची फडताळे करा. लाकूड उत्तम आहे आणि जळणात जाणे त्याच्या नशिबी नसावे. पण दोन बाक न धुता, न घासता, पॉलिश न करता शाळेत ठेवावेत, नव्या इमारतीत जिन्याखाली मोकळी जागा आहे तिथे. आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर गोणपाटाचा एक चौकोन ठेवावा, दोन ओळींच्या माहितीसह. मजकूर मी आणि माझा मित्र मिळून लिहून देऊ. नोंदवहीत तो चौकोन कोणत्या सदरात चढवायचा हा प्रश्न कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी आताच विचारला आहे, कारण मुळात तो शाळेच्या मालकीचा कधीच नव्हता, मुले घरून आणत. त्यांना म्हटले, 'देणगीदाखल प्राप्त' असे लिहा.

बाक हलवायचे ते मे महिन्यातच हलवायला हवेत. पडवीचा पत्रा दोन ठिकाणी गळतो, आणि आठ माणसे लागतील.